बोटभर थोटूक

खुरप्याचं टोक कशावर तरी अडलं तेव्हा ती झाडाच्या बुंध्याशी जवळजवळ पालथी पडली होती. तिने खुरपं बाजूला ठेवलं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने माती झाडायला सुरुवात केली. आधी वाटलं खडा असेल. पण खड्याला राळेचा वास येत नाही.

"काय सापडलं, शास्त्रज्ञबाई?" मागून बाबांनी विचारलं. घडीच्या खुर्चीवर ते कोट घालून बसले होते. काठी डाव्या हातात, मांडीवर नोंदणीचा अर्ज.

"कलमाचा जोड शोधतेय."

"सव्वीस वर्षं एका जागी आहे तो. घाई केली नाहीस तरी पळून जाणार नाही."

परवा झाडांच्या जातींची नोंदणी करणाऱ्या कार्यालयाच्या तपासनीस बाई यायच्या होत्या. अर्जाच्या सातव्या रकान्यात जोडाचा फोटो मागितला होता, आणि दर वर्षी खतमाती चढवून चढवून जोड वीतभर खाली गाडला गेला होता.

झाड पाइनचं होतं, पण पाइन म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर येतं तसं नाही. ह्याच्या पानांच्या दर जुडीत तीनच सुया, आणि बुंध्याची साल तळहाताएवढ्या ढलप्यांनी सुटणारी. ढलपी पडली की खाली पोपटी डाग, त्याशेजारी जुना तपकिरी, त्याशेजारी जांभळट. रोपवाटिकेत सगळे त्याला नुसतं 'सालसोड्या' म्हणत. साधा सालसोड्या म्हातारपणी पांढरा पडतो, त्याला साठ-सत्तर वर्षं लागतात. शंखी ही त्यातलीच एक जात. ती बाविसाव्या वर्षीच शंखासारखी पांढरी होते. बियांतून ती उतरत नाही, कलमच बांधावं लागतं. आणि कोवळ्या वयात शंखी आणि साधा ह्यांच्यात सुई, कळी, वास, कशातच फरक नसतो. वाट पाहणं एवढीच परीक्षा.

हे सगळं बाबा सांगत, आणि ते ऐकून घ्यावं लागे, कारण शंखीचं मूळ झाड डोळ्यांनी पाहिलेला माणूस आता एकच उरला होता. ते झाड एका बंगल्याच्या आवारात होतं. रस्ता रुंद करताना तोडलं. त्याच्या आठवडाभर आधी बाबांनी बारा काड्या आणल्या, बारा कलमं बांधली, एक जगलं. ते हे. "हिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं आणि हिच्यापेक्षा शहाणं," अशी बाबा पाहुण्यांना त्या दोघांची एकदमच ओळख करून देत.

साल मात्र अजून हिरवी-तपकिरीच होती. गेली चार वर्षं बाबा दर हिवाळ्यात बुंध्यावर अंगठा फिरवत आणि म्हणत, "यंदा नाही. पुढच्या."

यंदा ते थांबायला तयार नव्हते. सत्तरी उलटून गेली होती. जेवताना तिच्या भावाच्या देखत त्यांनी सांगून टाकलं होतं, "शंखी नोंदला गेला तर ही रोपवाटिका, आणि ती हिची. नाही नोंदला गेला तर ही चार एकर मोकळी जमीन. मोकळ्या जमिनीला शास्त्रज्ञ लागत नाही." भावाला तिथे गोदाम बांधायचं होतं. त्याने ताटावरून मान वर केली नव्हती, पण त्याचं चावणं थांबलं होतं.

तिने ब्रशने शेवटची माती काढली.

पाइनचं कलम कुशीत बांधतात. खुंटाच्या, म्हणजे साध्या रोपाच्या, बुडाशी तिरपा काप घेऊन त्यात चांगल्या जातीची काडी बसवायची. पहिली दोन वर्षं एकाच मुळावर दोन शेंडे शेजारी शेजारी वाढतात. काडीने जोर धरला की खुंटाचा शेंडा छाटायचा, बोटभर थोटूक ठेवून. मग मुळं जे काय वर पाठवतील ते सगळं काडीचं.

तिच्यासमोर होतं ते थोटूक. राळेत मुरलेलं लाकूड कुजत नाही. बुंध्याने ते जवळजवळ गिळलं होतं, टोक तेवढं बाहेर राहिलं होतं. थोटूक सापडणार हे तिला माहीतच होतं. पण खुंट मुळापासून सरळ वर जातो आणि काडी कुशीतून तिरपी फुटते. इथे बुंधा मुळापासून सरळ वर गेला होता, आणि कुशीतून तिरपं आलं होतं ते थोटूक. तिने पुन्हा पाहिलं. मग भिंग लावून पाहिलं. मग हात पुसण्यात जेवढा वेळ काढता येईल तेवढा काढला.

"बाबा, जरा बघता का?"

बाबा उठून आले, काठीच्या आधाराने वाकले. मग गुडघे टेकून बसले. तसे ते गेल्या दोन-तीन वर्षांत बसले नव्हते. डाव्या अंगठ्याने त्यांनी थोटकाचं टोक चाचपलं. बराच वेळ अंगठा तिथेच होता.

"मुक्याला बोलाव," ते म्हणाले.

मुक्या म्हणजे मुकादम. एकतीस वर्षं रोपवाटिकेत होता, कलमं त्याच्याइतकी कोणाची लागत नसत, आणि बोलायचा कमी. बाबांनीच त्याचं हे नाव पाडलं होतं. ओले हात पाठीमागे पुसत तो आला. कुंड्या भरणाऱ्या चार बायकाही काम थांबवून मागे उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?"

"काप आहे, मालक."

"कशाचा?"

मुकादमाने वाकूनही पाहिलं नाही. "काडीचा."

"म्हणजे शंखी छाटला आणि खुंट ठेवला. सव्वीस वर्षं मी खुंटाला पाणी घातलं."

"पाणी मी घालत होतो, मालक."

कुंड्या भरणाऱ्यांतली एक खोकली. बाबांचे कान लाल झाले.

"कोणी छाटला?"

मुकादमाने बाबांकडे पाहिलं. मग नजर जमिनीकडे नेली.

"मालक म्हणतील त्याने."

"तुझ्याशिवाय इथे चाकू चालवायची अक्कल होती कोणाला? आणि तुझी ही अक्कल." बाबा उठले, तिने दिलेला हात त्यांनी घेतला नाही. "डबा उचल. उद्यापासून तोंड दाखवू नकोस."

मुकादमाने मान हलवली, जशी तो एरवी कुंड्या हलवायच्या सूचनेला हलवत असे, आणि निघाला. बायकाही पांगल्या.

ती मात्र खाली बसूनच होती. झाड आवाराच्या भिंतीला लागून होतं; छाटणाऱ्याला समोरूनच बसावं लागलं असणार. उजव्या हाताने मारलेला काप एका बाजूला उतरतो, डाव्या हाताने मारलेला दुसऱ्या. रोपवाटिकेत कुठला काप कोणाचा हे ती दहाव्या वर्षापासून ओळखत होती. हा डावखुऱ्या हाताचा होता. इथे डावखुरं माणूस एकच होतं.

"बाबा, ह्याचा उतार..."

"कसला उतार?"

बाबा वळून पाहत होते. फाटकाजवळ मुकादम सायकलला डबा अडकवत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

"काही नाही," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी ती मुकादमाचे गमबूट आणि चष्म्याचं घर घेऊन निघाली. एकतीस वर्षांत तिच्या घरचं कोणी त्याच्याकडे गेलं नव्हतं, पत्ताही त्यांना ठाऊक नव्हता. कुंडीवाल्या बाईने कागदावर नकाशा काढून दिला, वर म्हणाली, "लांबूनच दिसेल. पांढरं काहीतरी."

पांढरं काहीतरी कोपऱ्यावरूनच दिसलं. बैठं घर, पुढे हातभर अंगण, आणि अंगणात खडूसारख्या पांढऱ्या बुंध्याचा पाइन. कपडे वाळत घालायची दोरी त्याच्या पहिल्या फांदीपासून खिडकीच्या गजापर्यंत बांधली होती. दोरीवर दोन शर्ट, एक चादर.

ती फाटक ढकलून आत गेली आणि आधी झाडाशी गेली. खाली पडलेली जुडी उचलली. तीन सुया. बुंध्यावर एका जागी ढलपी नुकतीच पडली होती. तिथे पोपटी रंग आणि भोवती सगळीकडे तो पांढरा, बोटाला न लागणारा पांढरा. तिने गुडघे टेकून बूड पाहिलं. जोड स्वच्छ दिसत होता. बुंधा कुशीतून तिरपा निघून मग सरळ झाला होता, आणि खाली खुंटाचं थोटूक, उजव्या हाताने छाटलेलं.

"झाड बघायला आलात की माणूस?" मुकादमाची बायको बादली घेऊन दारात उभी होती.

"काकांचे बूट आणलेत."

"मग बूट बुंध्याला घालणार होतात का?"

मुकादम आत फाटलेलं पोतं शिवत बसला होता. उठला नाही, पायाने स्टूल तेवढं पुढे सरकवलं. ती बसली. उघड्या दारातून बुंधा दिसत होता.

"काका, तो..."

"शंखी."

"कसा?"

त्याने दाभणात सुतळी ओवली. "कलम बांधून दोन वर्षं झाली होती. मालक शेंडा छाटायला बसले. त्या दिवशी माझ्यावर तापले होते, मी एक वाफा कोरडा ठेवला होता म्हणून. पाच-सहा माणसं उभी होती. माझ्याकडे बघत बोलत होते आणि चाकू चालवत होते. काडीला लाल दोरा बांधलेला होता, मी बांधला होता. मी हात पुढे केला. म्हणाले, हात खाली. माझ्या हातात चाकू असताना तोंड उघडायचं नाही."

"मग?"

"नाही उघडलं."

त्याने चार टाके घातले.

"छाटलेली काडी माझ्याच पायाशी पडली. ओल्या रुमालात गुंडाळून घरी आणली. इथे साध्या सालसोड्याचं एक रोप होतं, त्याच्यावर बांधली. लागली."

"पण दुसऱ्या दिवशी तरी सांगायचं. पुढच्या वर्षी."

"दोरा तुटून पडलेला, शेंडा एकच उभा, मालकांना काही वाटलं नाही. मला वाटलं, बघू या कधी कळतंय. मग नाहीच कळलं." त्याने मान वर केली. तो हसत नव्हता. "चार वर्षांपूर्वी हा पांढरा पडला. तेव्हापासून मालक तिकडे बुंध्यावर अंगठा फिरवायचे आणि मी शेजारी झारी घेऊन उभा असायचो. संध्याकाळी घरी येऊन हिला सांगायचो."

"नक्कल करून दाखवायचे," बायको दारातून म्हणाली. "यंदा नाही, पुढच्या. तेवढीच आमची करमणूक."

तिला काय वाटलं ते तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. तिने चष्म्याचं घर स्टुलाशेजारी ठेवलं, मग उचलून खिडकीत ठेवलं. मग म्हणाली, "उद्या तपासनीस बाई येणार आहेत. त्यांना इथे आणलं तर चालेल? शंखी कुठे उभा आहे असं अर्जात कुठेच विचारलेलं नाही. वाढवणारा म्हणून तुमचं नाव घालू, शोधणारे म्हणून बाबांचं."

"आणि रोपवाटिका तुमची."

तिने गमबूट दाराशी जोडीने लावून ठेवले.

"आणा," मुकादम म्हणाला. "पण मालकांनाही आणा."

*

तपासनीस बाई कृश होत्या आणि चालताना इतरांची वाट पाहत नव्हत्या. भिंतीजवळच्या झाडाशी त्यांनी चार मिनिटं काढली.

"सव्विसाव्या वर्षी इतकी हिरवी साल. हा साधा सालसोड्या आहे. अर्ज कशासाठी केलात?"

"कामगाराने घात केला," बाबा म्हणाले. "परवाच कळलं. मी अर्ज मागे..."

"आणखी एक झाड आहे," ती म्हणाली.

बाबांची काठी जमिनीवर टेकता टेकता राहिली. तिने सगळं सांगितलं. कोणी छाटलं एवढं सोडून. बाईंनी घड्याळ पाहिलं.

"चला. पण आधीच सांगते, मी झाडावर विश्वास ठेवत नाही आणि माणसावरही नाही. दोघं एकच सांगत असतील तरच लिहिते. मूळ झाड तुम्हीच पाहिलंय ना? मग तुम्हालाही यावं लागेल."

गाडीत बाबा पुढच्या सीटवर बसले. कोपऱ्यावर गाडी वळली तेव्हा त्यांची मान किंचित पुढे झाली आणि मग पुन्हा मागे टेकली.

बाई टेप आणि कॅमेरा घेऊन पुढे गेल्या. बाबांना उतरवायला ती दार उघडून उभी राहिली. ते उतरले नाहीत.

"हा शंखी ठरला तर काय होईल, विचार केलास?"

"नोंदणी होईल."

"नोंदणी होईल, आणि खाली बारीक अक्षरात छापून येईल, की मी माझ्या हाताने शंखी छाटला आणि माझ्या नोकराने तो कपडे वाळत घालून वाढवला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"परवा कळलं. तुला कळलं तेव्हाच. उतार म्हणालीस ना." त्यांनी पाय बाहेर टाकले, शांतपणे, एकामागून एक. "मी नाही म्हणणार आहे. तू फक्त मध्ये बोलू नकोस. कागद तयार आहेत, ह्या आठवड्यात रोपवाटिका तुझ्या नावावर. तुझ्या भावाला काय सांगायचं ते मी बघतो. पण तुला बोलायचंच असेल तर बोल. बोलल्यावर काय ते तुला माहीत आहे."

अंगणात मुकादम धुतलेला शर्ट घालून उभा होता. दोरीवर आज काहीच नव्हतं. त्याच्या बायकोने पाण्याचा पेला पुढे केला.

"तहान नाही," बाबा म्हणाले आणि झाडाशी गेले.

त्यांनी काठी बुंध्याला टेकवून ठेवली आणि दोन्ही तळवे सालीवर ठेवले. अंगठा फिरवला नाही. तळवे नुसते ठेवले, एखाद्याचा ताप बघावा तसे, आणि ते इतका वेळ तसेच उभे राहिले की बाईंनी कॅमेरा खाली घेतला. हात काढताना एक ढलपी सुटून त्यांच्या हातात आली. ती त्यांनी कोटाच्या खिशात घातली.

"नाही," ते म्हणाले. "हा शंखी नाही."

"मग साल पांढरी कशी?"

"धुण्याच्या पाण्यावर वाढलंय हे. पंचवीस वर्षं साबण पितंय. पांढरं होणारच."

बाईंच्या तोंडावर हसू आलं आणि गेलं. त्या मुकादमाकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

"मालकांनी चुकून काडी छाटली. मी ती इथे आणून बांधली. हे ते झाड." कोणीतरी पाठ करून घेतल्यासारखी तीन वाक्यं त्याने सांगितली.

"म्हणजे ते सगळं तिकडच्या थोटकावर येऊन थांबतं. त्यांनी छाटलं असेल तर तुमचं खरं धरता येईल. तुम्ही छाटलं असेल तर तुम्ही काडी इकडे आणलीत ह्याला तुमच्या शब्दाशिवाय आधार नाही." बाई तिच्याकडे वळल्या. "तुम्ही भिंगातून पाहिलंत. शिकलेल्या आहात, कलमं करता. काप कोणाच्या हाताचा?"

बाबा काठी घ्यायला वाकले होते. काठी डाव्या हातात आली.

मुकादम तिच्याकडे पाहत होता. आज सकाळी त्याने दाढी केली होती, हनुवटीजवळ थोडं कापलं होतं.

"इतक्या जुन्या कापावरून," ती म्हणाली, "खात्रीने काही सांगता येत नाही."

"अंदाजाने?"

"अंदाजाने सांगणं बरोबर होणार नाही."

बाईंनी मान डोलावली. त्यांना असं बोलणं आवडत असावं. त्यांनी अर्जावर दोन ओळी लिहिल्या, खाली बाबांची सही घेतली, मग तिची. पेन चालेना म्हणून ते तिला दोनदा झटकावं लागलं.

"मालक म्हणतात तर नसेल," मुकादम म्हणाला, कोणी न विचारताच. आणि त्याने फाटक उघडून धरलं, सगळे बाहेर पडेपर्यंत.

*

बाबांनी शब्द पाळला. आठ दिवसांत कागद झाले. भाऊ तिच्याशी बोलेनासा झाला. कलमं बांधायचा हंगाम सरत आला होता, कळ्या अजून मिटलेल्या होत्या. आणखी पंधरा दिवसांनी काड्या कामाच्या राहिल्या नसत्या. ती फटफटी घेऊन मुकादमाच्या घरी गेली.

दोरीवर चादर होती. तो पायरीवर बसून चाकूला धार लावत होता.

"या, मालकीणबाई."

"काका, काड्या हव्या होत्या. दहा-बारा."

"कसल्या?"

बुंधा तिच्यापासून चार पावलांवर होता. तिने तिकडे पाहिलं, मग चादरीकडे.

"सालसोड्याच्या."

"त्या कशाला इथून नेताय? तुमच्याकडे भिंतीजवळ मोठा आहे की." आतून त्याच्या बायकोचं हसू ऐकू आलं, तिने ते लपवलंही नाही. "का दुसऱ्या कसल्या हव्यात? नाव सांगा. नाव सांगितलंत तर नेमक्या देता येतील."

तिला नाव सांगता येण्यासारखं नव्हतं. नाव सांगायचं तर जिथे सही केली होती त्या कागदापासून सुरुवात करावी लागली असती.

"कुठल्याही चालतील," ती म्हणाली.

मुकादमाने धार अंगठ्यावर तपासली आणि तो उठला. अंगणातल्या झाडाकडे गेला नाही. घराला वळसा घालून मागे गेला. मागे काय होतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. एकतीस वर्षं रोपांत काढलेल्या माणसाच्या मागच्या अंगणात काहीही असू शकतं. पुढच्या झाडाच्या काही फांद्या छपरावरून पलीकडे गेल्या होत्या, तेवढं दिसत होतं. तिने चाकूचे आवाज मोजले. बारा. तिथे जाऊन उभं राहायला तिला कोणी अडवलेलं नव्हतं. ती पायरीशीच उभी राहिली.

तो परतला तेव्हा काड्या ओल्या फडक्यात बांधलेल्या होत्या, सगळ्यांचे काप एका रेषेत. तिने फडकं सोडलं. पेन्सिलीएवढ्या जाड, गेल्या वर्षीची वाढ, कळ्या घट्ट. एक जुडी उलगडून पाहिली. काडी मोडून वास घेतला. तिला जे जे माहीत होतं ते सगळं तिने करून पाहिलं, आणि ते करायला मिनिटसुद्धा लागलं नाही.

"काका, ह्या..."

"काय?"

"ह्या पुढच्या झाडाच्याच ना?"

मुकादम पायरीवर बसला. दगड ओला करून चाकू पुन्हा त्याच्यावर टेकवला.

"तुम्ही शिकलेल्या आहात," तो म्हणाला. "अंदाजाने सांगणं बरोबर होणार नाही."

ती उभीच होती. त्याने धार लावायला सुरुवात केली, एक बाजू, मग दुसरी.

"पण लावा की. चांगल्या आहेत, लागतील. बाविसाव्या वर्षी कळेलच तुम्हाला." त्याने वर पाहिलं नाही. "तोवर कोणीतरी पाणी घालायला ठेवा."

चादरीतून पाणी ठिबकत होतं. तिने फडकं त्या पाण्याखाली धरून आणखी भिजवलं, पिळलं, आणि काड्यांभोवती पुन्हा नीट गुंडाळलं. काड्या वाळू द्यायच्या नसतात.